भुरीसाठी ठेवलेली जुडी

शिरड शहापुरात खोकल्याच्या औषधाचा विषय निघाला की चांगुणाबाईचं नाव निघायचं. १९९८च्या फाल्गुनानंतर तिनं ते औषध देणं एकाएकी बंद केलं. कोणी म्हणालं, गुडघे धरले तिचे. कोणी म्हणालं, पोरगा नांदेडला नोकरीला लागला, आता कशाला करील ती लोकांची उठाठेव. नवरा मुंजाजी विचारणाऱ्याला सांगायचा, "तिलाच विचारा. मला कुठं सांगून राहिली ती." खरं कारण दोनच बायांना ठाऊक होतं. एक चांगुणाबाई स्वतः. दुसरी तांड्यावरची मिराबाई.

औषध म्हणजे एक तण. खोकली त्याचं नाव. पावसाळ्यात बांधाला, उकिरड्याला, पडक्या भिंतीच्या कडेला आपसूक उगवतं, हातभर वाढतं, हिरवे तुरे धरतं आणि दिवाळीनंतर वाळून मातीला मिळतं. चांगुणाबाईच्या परसात मात्र न्हाणीचं पाणी जिथं मुरायचं तिथं तिनं खोकलीचा वाफाच केला होता. "लोकं तन उपटायला मजूर लावतात, आमच्या घरी तनाला पानी पाजतात," असं मुंजाजी पाहुण्यारावळ्यांना सांगायचा.

कार्तिकात ती झाडं मुळासकट उपटायची. जमीन आदल्या दिवशी भिजवायची, नाहीतर मूळ मध्येच तुटतं. माती झटकून झाडं गोठ्याच्या पत्र्याखाली उलटी टांगायची. उन्हात वाळवली की वास उडतो, म्हणून सावली. आठ-दहा दिवसांनी पानं चुरचुरायला लागतात, मूळ मात्र दाताखाली अजून चिवट लागतं. नेमक्या त्या दिवशी उतरवायची. दहा झाडांची एक जुडी. अशा जुड्या तुपाच्या मोठ्या डब्यात भरून झाकण हातानं ठोकून बसवायचं.

झाकण एवढं घट्ट कशासाठी, तर भुरीसाठी. खोकलीचं मूळ मांजराला पिसं लावतं. वास आला की भुरी धावत यायची, मुळावर गाल घासायची, लाळ गाळायची, चारही पाय वर करून लोळायची, आणि मग तिथंच डाराडूर झोपायची. पहिल्या वर्षी तिनं टांगलेल्या चार जुड्या ओढून नासवल्या. तेव्हापासून चांगुणाबाई एक जुडी तिच्या नावानं वेगळी काढू लागली. दर पंधरवड्याला त्यातलं एखादं मूळ पाण्याचा हात लावून दगडावर ठेचायची आणि भुरीपुढं टाकून बघत बसायची. ही गोष्ट ती कोणाला सांगत नसे. मांजरासाठी पाला वाळवणारी बाई म्हणून गावानं तिला हसण्यावारी नेलं असतं. भुरी त्या घरात आली ती विश्वंभर, त्यांचा एकुलता एक मुलगा, नांदेडला गेला त्याच साली. मुंजाजीला सगळं ठाऊक होतं. तो म्हणायचा, "दुसऱ्याच्या घरी मांजर उंदरं धरते. आपल्या घरी तिची सरबराई व्हते."

औषध चांगुणाबाईला तिच्या आईनं दिलं, आणि सोबत दोन बंधनं घातली. एक, पैसा घ्यायचा नाही. दुसरं, दारात येऊन मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. घरात असून नाही म्हटलं, की हाताचा गुण जातो. चांगुणाबाईनं बावीस वर्षं दोन्ही बंधनं पाळली.

मिराबाई तिच्याकडं जवळपास तितकीच वर्षं कामाला येत होती. तांडा गावापासून दीड किलोमीटरवर. निंदणी, कापूस वेचणी, हळद, काहीही असो, तांड्यावरच्या बाया घेऊन मिराबाईच यायची. तिला मागण्याचा संकोच नव्हता. दुपारी परसाच्या दारातून आवाज यायचा, "बाई, ताक द्या. आंबट असंल तर मीठ बी द्या." चांगुणाबाई आतून ओरडायची, "आन गूळ नको का तुला?" "द्या की. तुमचा हात दुखत नसंल तर द्या." हा रोजचा खेळ होता. औषध बंद झालं त्याआधीच्या कार्तिकात खोकलीही मिराबाईनंच उपटून दिली होती. जुड्या बांधायला सुतळी सापडेना, तेव्हा तिनं आपल्या जुन्या घागऱ्याची लाल काठाची चिंधी फाडली. चिंधीवर पांढऱ्या दोऱ्याचे टाके होते. तिच्या आईनं घातलेले, असं ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात गावात खोकल्याची साथच होती. फाल्गुन लागला तेव्हा डब्यात एकच जुडी उरली. भुरीची.

आणि भुरी घरात नव्हती. तिनं कडब्याच्या गंजीत तीन पिल्लं घातली होती. बोक्यानं एक मारलं, त्याच दिवशी ती उरलेली दोन तोंडात धरून निघून गेली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं सगळेच म्हणतात. चांगुणाबाई ती घरं मोजत होती. आज शिंप्याच्या माळ्यावर, तीन दिवसांनी सोसायटीच्या मागं, मग किराणा दुकानाच्या पोत्यांत. ती वाटी घेऊन मागं मागं जायची, "भुरे, भुरे" करायची, आणि भुरी तिच्याकडं ओळख नसल्यासारखी बघायची.

"सात झाली की येईल," मुंजाजी म्हणाला.

"आन न्हाई आली तर?"

"तर आठवं घर तिला पसंत पडलं म्हनायचं. तुझ्यापरीस बरी मानसं असतील तिथं."

ती हसली नाही. तिनं मनाशी ठरवलं होतं. भुरी शेजारच्या घरापर्यंत आली की जुडी ठेचून परसातल्या दगडावर पसरायची. वास तिला आणील.

हळद काढायचे दिवस होते. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती, शेतातून कच्चा माल येत होता, आणि बाया गड्ड्यांपासून हळकुंडांची बोटं मोडून वेगळी करत होत्या. अशा एका सकाळी चांगुणाबाईला शेजारच्या कौलांवर भुरी दिसली. तोंडात पिल्लू. शेजारचं घर म्हणजे सातवं घर. ती आत आली, फळीवरचा डबा काढायला हात वर केला, तेवढ्यात परसाच्या दारातून हाक आली.

"बाई!"

मिराबाई होती. कडेवर नात, सुनेची मुलगी पुजा. दोन वर्षांची. पोरीच्या छातीचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता.

"संगिताची पोरगी. परवापासून अशीच करून राहिली. अन्न खाईना. एक जुडी द्या."

चांगुणाबाईचा हात अजून वरच होता. तिनं तो खाली घेतला.

"संपली गं मिरे," ती म्हणाली. "औंदा लवकरच संपली."

 मिराबाई तिथंच उभी राहिली. बहुधा दुसरं काय करावं याचा विचार करत असेल. पण चांगुणाबाईला ते उभं राहणं सोसलं नाही. तिनं फळीवरचा शेजारचा डबा काढला, झाकण उघडलं आणि मिराबाईपुढं तिरका करून दाखवला. आत काहीच नव्हतं.

"बघ. असती तर न्हाई म्हनले असते का तुला?"

मिराबाईनं डब्यात पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "मंग वसमतला दवाखान्यातच न्यायला लावते."

अर्धी जुडी देता आली असती. पाच झाडं पोरीला, पाच भुरीला. पुढच्या आठ वर्षांत चांगुणाबाईला ही गोष्ट इतक्या वेळा आठवली की तिचा हिशेबच नाही. त्या सकाळी मात्र ती तिच्या डोक्यात आलीच नाही. तिला एकच भीती होती, भुरी आठव्या घरी जाईल.

संगिता पोरीला जीपनं वसमतला घेऊन गेली. मिराबाई कामावर थांबली, कारण त्या दिवशीचा ढीग अर्धा राहिला होता आणि बाया तिच्या भरवशावर आल्या होत्या. दुपारी ती पाणी प्यायला परसात आली.

परसात चांगुणाबाई उकिडवी बसली होती. दगडावर ठेचलेली मुळं होती आणि त्यांवर भुरी लोळत होती. एक पिल्लू चांगुणाबाईच्या ओच्यात, दुसरं भुरीच्या पोटाशी चाचपडत होतं. चांगुणाबाई हसत होती, अगदी तोंड भरून. लाल चिंधी भुरीच्या मागच्या पायात अडकली होती.

मिराबाई वाकली. तिनं चिंधी अलगद सोडवली, माती झटकली आणि कमरेला खोचली. मग रांजणाकडं जाऊन पाणी प्यायली.

"आली का भुरी?" तिनं विचारलं.

"आली," चांगुणाबाई म्हणाली.

"बरं झालं."

आणि ती हळद मोडायला निघून गेली.

पोरीला न्यूमोनिया झाला होता. पाच दिवस दवाखान्यात ठेवली, बरी होऊन घरी आली. मुंजाजीनं बातमी आणली, आणि सोबत हेही सांगितलं, की डॉक्टर म्हणाला, काढ्याबिढ्यात वेळ घालवला नाही हे बरं केलं, पाल्यानं यात काही झालं नसतं. चांगुणाबाईनं दोन दिवस त्या वाक्याचा आधार घेऊन पाहिला. जुडी दिली असती तर पोरगी वसमतला उशिरा गेली असती. म्हणजे झालं ते भल्याचंच झालं. तिसऱ्या दिवशी तो आधार आपोआप गळून पडला. पोरीचं काय झालं असतं हा प्रश्नच नव्हता. तिनं रिकामा डबा उघडून दाखवला होता. तिला कोणी दाखवायला सांगितलं नव्हतं.

पोरगी घरी आल्यावर मिराबाई कामावर आली. वागण्यात काही फरक नव्हता. बायांची थट्टा, गाणी, मुंजाजीशी हुज्जत, सगळं पहिल्यासारखं. दुपारी चांगुणाबाई हाकेची वाट बघत राहिली. हाक आली नाही. मिराबाईनं फडक्यातून भाकरी सोडली, मीठ-मिरचीची पुडी काढली, रांजणाचं पाणी प्यायली आणि उठली.

त्यानंतर तिनं त्या घरात काही मागितलं नाही. दिलं तर घ्यायची. चांगुणाबाई ताकाचा तांब्या नेऊन पुढं ठेवायची, मिराबाई प्यायची, तांब्या विसळून पालथा घालायची, "चांगलं होतं" म्हणायची. एकदा वैशाखात, ऊन मी म्हणत होतं, तेव्हा चांगुणाबाईनं मुद्दाम काही नेलं नाही. घागरभर ताक तयार होतं. दाराआड बसून तिनं दिवस काढला. मिराबाई संध्याकाळी पदर झटकून तांड्याकडं निघून गेली. मागितलं नाही ते नाहीच.

चांगुणाबाईच्या तोंडी पूर्वी "मिरे" असायचं. हळूहळू तिथं "मिराबाई" आलं.

औषधाचंही तसंच झालं. दुसऱ्या वर्षी, कार्तिकातल्या जुड्या डब्यात भरून झाल्यावर, कोणीतरी सुनेला घेऊन दारात आलं. चांगुणाबाईचा हात डब्याकडं गेला आणि झाकणावरच थांबला. ती म्हणाली, "माझ्या हाताचा गुण गेला. तुमी दवाखान्यात न्या." तिनं खरं तेच सांगितलं होतं. पण गावात त्याचा अर्थ भलताच लागला. एवढा गुणाचा हात, आणि बाईला गर्व नाही बघा, स्वतःच्या तोंडानं सांगते गेला म्हणून. तिचं नाव पूर्वीपेक्षा मोठं झालं. कोणी लग्नात तिला पुढं बसवलं, कोणी लेकीच्या ओटीला पहिला हात तिचा लावला. प्रत्येक वेळी तिला डब्याचा तो रिकामा तळ दिसायचा.

खोकली मात्र ती दर वर्षी वाळवत राहिली. तेवढीच, भुरीपुरती. "मानसाला न्हाई, मांजराला हाय," मुंजाजी एकदा सहज बोलून गेला. "उलटंच झालं की तुझं समदं." ती ताटावरून उठून गेली. तो बराच वेळ विचारत राहिला, मी काय वंगाळ बोललो.

सांगून मोकळं व्हायचा प्रयत्न तिनं केला नाही असं नाही. एका संक्रांतीला तिळगूळ देताना ती म्हणाली, "मिराबाई, त्या दिवशी..."

"कोन्ता दिवस?" मिराबाईनं विचारलं, डोळ्याला डोळा देऊन.

 "काही न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. मिराबाईनं तिळगूळ तोंडात टाकला आणि टोपलं उचललं.

मधल्या काळात हिंगोली परभणीतून वेगळी होऊन जिल्हा झाली. विश्वंभरनं २००५ साली घराची डागडुजी केली, न्हाणी मोडून फरशीचं बाथरूम बांधलं, सांडपाण्याला पाइप टाकून ते थेट गटारीत सोडलं. वाफा वाळला. बांधावरची खोकली त्या वर्षी तणनाशकानं गेली होती. डबा पहिल्यांदाच खरोखर रिकामा राहिला.

पुढच्या फाल्गुनात भुरी जागेवरून उठेना. दात पडले होते, दूधही नुसतं हुंगून सोडायची. चांगुणाबाईला वाटलं, खोकलीचा वास आला तर निदान जीभ लावील. तिनं परस धुंडाळला, शेजारी-पाजारी विचारलं.

"तांड्यावर मिराबाईच्या दारात हाय," मुंजाजी म्हणाला. "हिरवीगार. सात-आठ वर्षं झाली, ती लावतीय. समदा तांडा तिच्याकडूनच नेतो."

"सात-आठ वर्षं?"

"व्हय. तुला ठाव न्हाई? तुझ्याच वाफ्याचं बी असंल."

ते कुठल्या सालापासूनचं असेल, हे चांगुणाबाईला मोजावं लागलं नाही.

ती तांड्यावर गेली. इतक्या वर्षांत कधी गेली नव्हती. मिराबाईच तिच्याकडं यायची. घराच्या कडेला मोरीच्या पाण्यावर खोकली उभी होती, पण कोवळी, बोटभर, नुकतीच पेरलेली. ओसरीच्या आढ्याला वाळलेली एकच जुडी टांगलेली होती.

मिराबाईनं बाज टाकली, पाणी दिलं. "बाई, इकडं कशा? मालक बरे हायत ना?"

"बरे हायत." पाणी पिऊन झालं तरी तांब्या चांगुणाबाईच्या हातातच होता. "मिरे, मला ती जुडी दे."

"कोनाला खोकला?"

मुंजाजी महिनाभर खोकत होता, हे खरं होतं. त्याचं नाव अगदी ओठावर आलं. चांगुणाबाईनं ते गिळलं.

"कोनालाच न्हाई. भुरीला पायजे."

"मांजराला?"

"मांजराला. तवा बी मांजरालाच ठेवली व्हती. तुला दाखवला तो डबा दुसरा व्हता."

"ठाव हाय," मिराबाई म्हणाली. "त्या डब्यात तुमी पापड ठेवता. दर उन्हाळ्यात मीच भरू लागते की."

 आठ वर्षं चांगुणाबाईला वाटत होतं, चिंधी दिसली तेव्हा मिराबाईला कळलं. निदान दुपारपर्यंत तरी तिनं आपल्यावर विश्वास ठेवला असेल. तसं नव्हतं. डबा तिरका केला त्याच क्षणी, कडेवर लेकरू घेऊन, मिराबाई सगळं जाणून उभी होती.

"मंग तवाच काहून न्हाई बोललीस?"

"काय बोलायचं? मालकीन न्हाई म्हनली. न्हाई तर न्हाई." मिराबाई उठली. जुडी काढली, मांडीवर सोडली आणि झाडं दोन वाट्यांत सारखी केली. "पुजाची छाती अजून धरते थंडीत. डॉक्टरच्या गोळ्या घेते, पन काढा पेल्याबिगर तिला झोप न्हाई. अर्धी ऱ्हाऊ द्या तिला. अर्धी तुमाला."

तिनं पाच झाडं सुतळीनं बांधून चांगुणाबाईच्या हातात दिली. चांगुणाबाईला माफीचा शब्द काढायचा होता. वाटेभर तिनं तो जुळवला होता. त्या पाच झाडांपुढं तो काढायला तोंड राहिलं नाही. ती म्हणाली, "येते." मिराबाई म्हणाली, "सावकाश जा. नाल्यात गोटे हायत."

गावात शिरताना पारावर चार-सहा माणसं बसलेली होती. हातातली जुडी लपली नाही.

"चांगुणामाय, औषध परत सुरू केलं व्हय? लई ब्येस. आमच्या घरी बी पायजे व्हतं."

"न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. "मांजरासाठी हाय. मिराबाईकडून मागून आनली."

 एकजण म्हणाला, "मांजराला बी खोकला व्हतो का माय?" आणि पार हसला. ती थांबली नाही, भराभरही चालली नाही.

भुरीनं त्या संध्याकाळी मूळ हुंगलं, गाल घासला आणि वाटीतलं दूध थोडं चाटलं.

दुसऱ्या दिवशी हळदीला बाया आल्या. चांगुणाबाईनं सकाळीच ताक केलं, तांब्या झाकून परसाच्या दाराशी ठेवला आणि शेजारी बसली. मिराबाई मागेपर्यंत नेऊन द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. दुपारी मिराबाई आली. कोपऱ्यात पोत्यावर पडलेल्या भुरीकडं तिनं पाहिलं.

"खाल्लं का तिनं काही?"

"दूध चाटलं. थोडं."

"बरं झालं," मिराबाई म्हणाली. रांजणातून पाणी घेऊन प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि कामावर गेली.

संध्याकाळपर्यंत ताक आंबून गेलं. चांगुणाबाईनं ते म्हशीच्या पेंडीत ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ताजं घुसळायला बसली.